सावल्या वाचणारी कुमुद

आमची कुमुद भर रस्त्यात माणसं ओळखायची नाही. समोरून सख्खी मावससासू आली तरी ही आपली आभाळाकडे बघत चाललेली. मग मावशी घरी येऊन फणकारायच्या, "डॉक्टरीण झाली म्हणून काय डोळ्यांवर धूर चढला का हिच्या?" मी समजूत घालायची. मी थोरली जाऊ, त्यामुळे घरातलं समजुती घालायचं खातं माझ्याकडेच होतं. आणि कुमुदला विचारलं तर ती म्हणायची, "अक्का, ढग बघत होते. त्या ढगाची एक कड फार वाईट होती."

ढगाची कड वाईट! आता काय बोलणार या बाईला?

तिचं माहेर बोदवड. वडील स्टेशनवर पार्सलबाबू होते. लहानपणी थंडीत ही त्यांच्यासोबत पहाटे स्टेशनवर जायची आणि कापसाच्या गाठींवर बसून धुक्यात बघत राहायची. धुक्यात गाडी लगेच दिसत नाही. आधी नुसता एक जरा गडद ठिपका दिसतो, आणि तो गाडीचा आहे की डोळ्यांचा खेळ हे ओळखायचं. हा तिचा एकटीचा खेळ होता. पुढे ती डॉक्टर झाली, मुंबईला जाऊन एक्स-रे वाचायचं शिकली, आणि त्यातही बायकांच्या छातीचे एक्स-रे वाचण्यावर तिचं मन बसलं. मी विचारलं, हेच का? तर म्हणाली, "हाताचा, पायाचा फोटो कोणीही वाचेल. हाड तुटलं की तुटलेलं दिसतं. इथे हाडच नाही, अक्का. सगळी साय. सायीवर साय, आणि त्यात कुठेतरी काहीतरी. किंवा काहीच नाही." असं बोलताना तिच्या हातातला चहा थंड व्हायचा, त्यावरही साय धरायची, आणि ती त्या सायीकडेच बघत बसायची. मी कप काढून घ्यायची आणि परत गरम करून आणायची.

ती सून होऊन जळगावला आली तेव्हा आमच्या जिल्हापेठेतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना थाटला. तुरीची पोती ठेवायची कोठी होती, तिला खिडकी नव्हती, तीच तिची डार्करूम झाली. शेवटपर्यंत त्या खोलीला औषधांच्या वासाखाली तुरीचा वास होता. तांबडा दिवा लावायचा, दार घट्ट लावायचं, आणि ट्रेमधल्या पाण्यात फिल्म हलवत उभं राहायचं. मी मदतीला असायची. आधी काहीच नसायचं. मग हळूहळू त्या पाण्यातून एक आकार वर यायचा, दुधी, चांदण्यात बुडालेल्या टेकडीसारखा. त्या तांबड्या उजेडात कुमुद वेगळीच दिसायची. घरात मीठ कुठे ठेवलंय ते ठाऊक नसणारी ही बाई तिथे एकदम घरच्यासारखी वावरायची. मला मात्र त्या खोलीत झोप यायची, आणि जागेपणीच स्वप्न पडल्यासारखं व्हायचं. बाहेर रिक्षांचे भोंगे आणि आत ही एकेक टेकडी वर येतेय. त्या कोणाच्या कोण बायका, पण मला त्या सगळ्या आपल्याच वाटायच्या.

नव्वद सालाच्या आसपास या फोटोचं गावाला भारी नवल होतं. 'बायकांचे फोटो काढणारी डॉक्टरीण' असंच तिचं नाव पडलं. एक सासूबाई आपल्या सुनेला शालू नेसवून, गजरा माळून घेऊन आल्या. फोटोत चेहरा येत नाही म्हटल्यावर त्या इतक्या नाराज झाल्या की मीच त्यांना चहा पाजून शांत केलं. आणि पुरुषांना वेगळीच धास्ती! फोटो कोण बघणार, कुठे टांगणार? एकाने तर मला दटावून विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, हा बघा," आणि एक जुनी फिल्म त्याच्या हातात दिली. उलटी धरली, सुलटी धरली, मग म्हणाला, "यात तर काहीच नाही." म्हटलं, तेच तर पाहिजे असतं.

कुमुदची काम करायची एक तऱ्हा होती. फोटो ती स्वतः काढायची, त्यासाठी दुसरं माणूस तिने ठेवलं नाही. खोलीतला उजेड अगदी मंद करायची, आणि बाईने पदर बाजूला केला की आपली मान भिंतीकडे वळवायची. हातांनीच चाचपून सगळं नीट लावायची आणि तोंडाने भलतंच बोलायची. कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती घालता? शेवभाजीला मसाला भाजून घेता की कच्चा? बाई उत्तर देईपर्यंत फोटो झालेला असायचा. मला ते फार आवडायचं. मशीनच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबली जाते, दुखतंही, आणि वर परक्याची नजर कशाला? बाईची लाज बाईपाशीच राहू द्यावी असं ती म्हणायची.

या तिच्या चांगुलपणानेच एकदा घोळ केला.

दर गुरुवारी ती एस.टी.ने धुळ्याला जायची. तिथले सर्जन, सगळे त्यांना नाना म्हणत, तिच्यासाठी आठवड्याचे फोटो साठवून ठेवायचे. वाटेत एरंडोलला महिला मंडळात कधी हळदीकुंकू असलं की ही उतरायची, वाण घ्यायची आणि बायकांना सांगायची, हाताला काही लागत असेल तर लपवू नका, काही लागत नसलं तरी एकदा येऊन जा. त्या संक्रांतीला ती अशीच बोलून आली, आणि पुढच्या आठवड्यात तानुबाई आल्या.

एरंडोलकडच्याच एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या, काटक, कापूस वेचून वेचून बोटांची टोकं खरखरीत झालेली. सोबत नवरा झुलालभाऊ, पांढरी टोपी, धुवट सदरा, माणूस भला. मला म्हणाले, "मंडळन्या बठ्ठ्या बाया जाई ऱ्हायन्यात, म्हनीसन हाई बी म्हने माले लई चाला." मंडळातल्या सगळ्याच बायका येताहेत म्हणून हिनेही हट्ट धरला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि तानुबाईंना आत नेलं.

कुमुदने नेहमीचे दोन प्रश्न विचारले. हाताला कुठे काही लागतं का?

"काही नही," तानुबाई म्हणाल्या.

अंगाला पावडर, तेल, मलम असलं काही लावलंय का?

तानुबाई हसल्या. "आम्ही काय शहरन्या बाया शेतस का बाई, पावडर लावाले?"

कुमुदही हसली, मान भिंतीकडे वळवली, आणि कळण्याच्या पिठाचा विषय काढला.

डार्करूममध्ये फिल्म वर यायला लागली आणि कुमुदचं गुणगुणणं थांबलं. त्या दुधी टेकडीवर पांढरे कण उमटत होते. खसखस सांडावी तसे, बारीक, दाट. मला एव्हाना एवढं कळत होतं की असे पांढरे कण ही चांगली गोष्ट नाही. "पसरलंय गं, अक्का," कुमुद हळूच म्हणाली. "खूप पसरलंय." बाहेर तो भला माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, आणि त्याच्या बायकोची छाती पूर्ण काढावी लागणार, आणि तेवढ्यानेही भागेल की नाही, हे आम्हा दोघींना त्याच्या आधी कळलं होतं.

कुमुदने झुलालभाऊंना आत बोलावलं. ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, कण दाखवले, आणि हे बरं दिसत नाही, असं मऊ शब्दांत सांगितलं. त्यांनी टोपी घातली, काढली, परत घातली.

ते बाहेर गेल्यावर कुमुद भिंग घेऊन पेटीपुढे बसली. अशी बसली की ती आपल्यात नसायची. मी दोनदा हाक मारली. पेटीचा उजेड तिच्या तोंडावर पडलेला, आणि ती त्या फिल्ममध्ये कुठेतरी लांब, बोदवडच्या धुक्यात. मग एकदम म्हणाली, "अक्का, हे फार पांढरं आहे."

"म्हणजे?"

"हाडसुद्धा इतकं पांढरं नसतं. आणि बघ, गोल आहे. कण गोलात आहेत. रोग असा गोल काढत नाही. गोल माणूस काढतं, बोटाने."

ती उठली, तानुबाईंना पुन्हा आत घेतलं, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मोठा दिवा लावला. "तानुबाई, रागावू नका. मला आज बघावं लागेल," ती म्हणाली, आणि मान न वळवता तिने बघितलं.

छातीवर शेंदूर होता. पदराने पुसून काढलेला, तरी कातडीच्या बारीक रेषांत, छिद्राछिद्रांत बसलेला, भगवा, तेलकट. शेंदरात शिसं असतं, आणि शिशातून एक्स-रे जात नाही, हे मला कुमुदने नंतर सांगितलं. त्या वेळी मी नुसती ओरडले, "अहो, मघाशी विचारलं होतं ना, काही लावलंय का म्हणून?"

तानुबाईंना माझा राग कळेचना. "ते काय लावेल म्हनतस का, अक्का?" त्या म्हणाल्या. "ते देवनं शे." गावच्या शिवेवरच्या मरीमायच्या अंगावरचा शेंदूर सकाळी निघताना त्यांनी बोटावर घेतला होता. त्याला पावडर-मलमाच्या पंगतीत बसवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

कोमट पाणी आणलं, साबण आणला, मी स्वतः हळूहळू पुसून काढलं. पुन्हा फोटो घेतला. पुन्हा आम्ही दोघी त्या तांबड्या उजेडात उभ्या. टेकडी वर आली, आणि तिच्यावर एकही कण नव्हता. मला इतका आनंद झाला की मी कुमुदच्या पाठीत धपाटा घातला. तिने फिल्म पाण्यातून उचलली, दिव्याकडे धरली आणि तशीच धरून राहिली.

"आहे," ती म्हणाली.

कण गेले होते, पण जिथे तो गोल होता त्याच्या बरोबर मध्ये एक सावली होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कडा साफ नाहीत, बारीक काटे फुटल्यासारख्या. मला ती दिसायलाही वेळ लागला. पहिली फिल्म बघितली तर तिच्यातही ती होतीच, शेंदराच्या कणांमागे लपलेली. आता लहान होती. आता काढली तर बाई वाचणार होती, बहुधा छातीही वाचणार होती. राहू दिली तर काय होतं ते कुमुदने धुळ्याला दर गुरुवारी बघितलं होतं.

पण झुलालभाऊंना काय दिसलं? त्यांना पुन्हा आत बोलावून दोन्ही फिल्म पेटीवर शेजारी शेजारी लावल्या मात्र, ते उभेच राहिले. एक कणांनी भरलेली, एक कोरी. "बठ्ठं गयं!" ते ओरडले. "दखा, बठ्ठं गयं! मरीमाय पावनी!" त्यांनी पेटीलाच हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला म्हणाले, "अक्का, पेढा आनस," आणि दाराकडे निघालेसुद्धा.

कुमुदने त्यांना थांबवलं. कण शेंदराचे होते, ते गेले ते साबणाने, आणि मागे ही सावली आहे, ती आतली आहे, ती काढायला हवी, हे सगळं तिने बोट ठेवून दाखवलं. झुलालभाऊंचा चेहरा बघता बघता उतरला आणि मग लाल झाला.

"शेंदूर व्हता तवपावत हाई नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही धुवं, आनि हाई निंघनं. मरीमायनी दाबी धरेल व्हतं ते!"

"या पहिल्या फोटोतही आहे, भाऊ. हे बघा."

"माले नही दिसत."

आणि त्यांना दिसत नव्हतं हे खरंच होतं. मलाच धड दिसत नव्हतं. त्या माणसाने काय करावं? सकाळी धडधाकट बायको घेऊन आला, तासाभरात ती मरायला टेकली, मग बरी झाली, आणि आता पुन्हा हे. तो म्हणाला, "चाल वं, घर चाल. पयले शेंदूर लाव, मंग दखू." तानुबाई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. त्या दारातून गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, हे मला लख्ख कळत होतं.

मी कुमुदला कोपऱ्यात ओढलं. "अगं, सांग ना, मरीमायनेच खूण केली म्हणून! गोल काढून जागा दाखवली म्हणावं. तो आत्ता ऐकेल!"

खरं तर किती सोपं होतं. पण ही बया मान हलवते! "आज देवीच्या नावाने नेलं, तर उद्या ऑपरेशनच्या टेबलावरून देवीच्या नावानेच परत नेतील," म्हणाली. मला तिचा भारी राग आला. एक बाई मरायची वेळ आलीय आणि हिला सोवळं सुचतंय!

ती तानुबाईंसमोर जाऊन उभी राहिली. रस्त्यात सख्ख्या माणसांना न ओळखणारी ही, पण त्या वेळी तिने तानुबाईंच्या डोळ्यांत असं बघितलं की मीच गप्प झाले.

"तानुबाई," ती म्हणाली, "शेंदूर कपाळाला लावतात. गळ्याला लावतात. तुम्ही इथेच का लावलात?"

तानुबाई खाली बघायला लागल्या.

"बोट तुमचंच होतं ना?"

मान हलली.

"मग बोटाला काय लागलं?"

तानुबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. समोरच्या दालमिलची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तठे दाना लागस हाताले. मागला सालनी कापूस येचनीपासून."

"कोणाला सांगितलं होतं?"

"मरीमायले."

झुलालभाऊ वळले. पेटीचा उजेड त्यांच्या सदऱ्यावर पडला होता, आणि तो भला माणूस मला एकदम म्हातारा दिसला. "माले काबरं नही सांगं?" त्यांनी विचारलं.

तानुबाईंच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही कव्हय इचारं?" तुम्ही कधी विचारलंत, एवढंच त्या म्हणाल्या.

झुलालभाऊ पेटीपुढच्या स्टुलावर बसले. टोपी काढून हातात धरली, तिची घडी केली, मोडली. आम्ही तिघी उभ्याच होतो. त्यांना ती सावली अजूनही दिसली नव्हती, कुमुदवर विश्वास बसला असंही मला वाटत नाही. पण बायकोच्या हाताला जे लागत होतं त्यावर त्यांना शंका घेता येईना. शेवटी ते खाकरले.

"धुयानी गाडी कव्हय शे?" धुळ्याची गाडी किती वाजता, असं त्यांनी मला विचारलं.

त्याच गुरुवारी कुमुद त्यांना सोबत घेऊन गेली. नानांनी ऑपरेशन केलं, कुमुद टेबलाजवळ उभी राहिली आणि फिल्म उजेडाला धरून तिने जागा दाखवली. गाठ वाईट होती आणि लहान होती. काखेत काही गेलं नव्हतं. छाती राहिली. पुढे कित्येक वर्षं तानुबाई तपासणीला येत राहिल्या, आणि दर खेपेला येताना अंघोळ करून आल्याचं मला आधी दारातच सांगायच्या. कुमुदने आपले प्रश्न बदलले. पावडर, तेल, मलम याच्यानंतर ती 'देवाचं काही?' असंही विचारायला लागली, आणि तुम्हाला खोटं वाटेल, किती बायका त्यावर हो म्हणायच्या! अंगारा, भस्म, दर्ग्यातली राख, कोणाकोणाचं काय काय. मोठा दिवाही लावायला लागली. लाज राहू द्यावी, पण बाईला एकटी टाकू नये, असं आता म्हणायची.

कुमुद आता काम करत नाही. गच्चीत खुर्ची टाकून ढग बघते, आणि मी चहा गरम करते. तानुबाईंचा विषय निघाला की ऑपरेशनचं ती काही सांगत नाही. सांगते ती त्या एस.टी.चं.

थंडी होती. गाडीच्या काचा धुरकटलेल्या, बाहेर कापसाची रिकामी शेतं, ऊन आहे की नाही कळू नये असा उजेड. कुमुद पुढच्या बाकावर, मागच्या बाकावर ती दोघं. जळगाव सोडल्यापासून दोघं गप्प. एरंडोल आलं, गेलं. मग त्यांच्या गावाचा फाटा आला, गाडी थांबली, चार माणसं उतरली, आणि कुमुदने कान मागे लावले. आत्ता उठतात की काय? गाडी निघाली. मागे कोणी उठलं नव्हतं.

जरा वेळाने मागून झुलालभाऊंचा आवाज आला. इतका हळू, की पहिल्यांदा तिला तो ऐकूच आला नाही.

"आखो काय दुखस तुनं?" आणखी काय दुखतं तुझं, असं विचारत होते.

"काही नही."

"सांग ना वं."

तानुबाईंनी गुडघ्यांपासून सुरुवात केली. "टोंगया दुखतस. दोन्ही."

"आखो?"

"डावा कानम्हा आवाज व्हस. कव्हय कव्हय."

"आखो?"

कुमुद डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेऊन बसली होती आणि गाल पुसत होती. मागे तानुबाई सांगत होत्या. कंबर, सकाळची चक्कर, धाकट्या बाळंतपणापासूनचं पोटातलं. कधी झालं, कसं झालं, तेव्हा कोण घरी होतं, सगळं. झुलालभाऊ ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, आखो? पारोळं गेलं, धुळ्याच्या अलीकडचे दिवे दिसायला लागले, तरी तानुबाईंचं सांगून झालं नव्हतं.